चक्कर, भोवळ आणि आपला कान

शरीराच्या तक्रारींमध्ये भोवळ ही अशी एक तक्रार आहे की, तिचे कारण घरातील प्रत्येकास आधीच ठाऊक असते. पहाटे अंथरुणातून उठताना वडील माणसास घर फिरल्यासारखे वाटले, की कोणी म्हणते पित्त झाले, कोणी म्हणते रक्तदाब वाढला, तर कोणी मानेचे मणके झिजले असे छातीठोकपणे सांगते. त्यातून पर्युषणाचे दिवस असले म्हणजे उपवासाचा अशक्तपणा आला याविषयी सर्वांचेच एकमत होते. मग लिंबाचे सरबत येते, मानेला पट्टा येतो, औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी येते, आणि कित्येकदा मोठ्या भक्तिभावाने आरंभिलेले तप मध्येच सोडून पारणे करविले जाते. ह्या सर्व गडबडीत एका अवयवाचे नाव मात्र कोणी घेत नाही. तो अवयव म्हणजे कान.

वास्तविक घर गरगर फिरल्यासारखे वाटणे ह्या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे कारण कानाच्या आतल्या भागात असते. ते दोन-चार नेमक्या प्रश्नांनी बरेचसे ओळखता येते, आणि बहुसंख्य रुग्णांत ते औषधाच्या एका गोळीवाचून, केवळ डोके विशिष्ट क्रमाने वळवून, काही मिनिटांत दूर करता येते. उपवास, आयंबिल आणि चउविहार पाळणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही गोष्ट जितकी उपयोगाची आहे तितकी ती क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेत व्यापारी बंधू-भगिनींसमोर हा विषय काहीशा विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा निवाडा

आपल्या बोलण्यात 'चक्कर आली' हे शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींस लावले जातात. वैद्याचे अर्धे काम हा गुंता सोडविण्यात जाते, म्हणून तो आधी घरीच सोडविलेला बरा.

पहिली गोष्ट म्हणजे गरगरणे. भिंती, छत, देव्हारा सारे फिरते आहे, किंवा आपणच फिरत आहोत, असा भास होतो, मळमळते, आणि डोळे मिटले तरी फिरणे थांबत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येणे. बराच वेळ गादीवर बसून एकदम उभे राहिल्यावर डोके हलके होते, घाम सुटतो, आता आपण पडणार असे वाटते, आणि आडवे झाले की बरे वाटते. येथे काही फिरत नाही, मेंदूस रक्त क्षणभर कमी पडते इतकेच. तिसरी गोष्ट म्हणजे तोल जाणे. बसले वा निजले असता काहीच होत नाही, पण चालताना पाय अडखळतात, विशेषतः अंधारात. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्या माणसास हा अनुभव वारंवार येतो.

ह्यांपैकी पहिला प्रकार, म्हणजे गरगरणे, हा बहुधा कानाचा असतो. दुसऱ्याचे मूळ रक्तदाब, हृदय, रक्तातील साखर अथवा शरीरातील पाण्याची कमतरता ह्यांत शोधावे लागते. 'चक्कर येते' एवढेच सांगण्याऐवजी 'घर फिरते', 'अंधारी येते' किंवा 'तोल जातो' यांपैकी एक वाक्य रुग्णाने सांगितले, तरी डॉक्टरांस निम्मी वाट सापडते.

कानातील तोलाचे यंत्र

कान ऐकण्यासाठी असतो हे लहान मूलही जाणते. परंतु त्याच कानाच्या आतल्या कप्प्यात, कवटीच्या अत्यंत कठीण अशा हाडात, शरीराचा तोल सांभाळणारे एक यंत्र बसविलेले आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्या एकमेकींशी साधारण काटकोन करून असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिकेतील द्रव मागे रेंगाळतो, त्याच्या दाबाने तेथील नाजूक पडदा वाकतो, आणि डोके कोणत्या दिशेस किती वेगाने वळले याची वर्दी मेंदूस पोचते. त्यांच्याजवळच दोन लहान पिशव्या आहेत. तेथे एका चिकट थरावर चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म कण बसलेले असतात. त्यांच्या वजनामुळे वर कोणते आणि खाली कोणते हे आपणास कळते.

मेंदू तोलाचा हिशेब तीन वह्यांवरून मांडतो. एक वही डोळ्यांची, दुसरी कानांची आणि तिसरी पायांच्या तळव्यांची व सांध्यांची. तिन्ही वह्यांतील नोंदी जुळल्या म्हणजे माणूस निश्चिंत उभा राहतो. डोळे सांगतात घर स्थिर आहे आणि एक कान सांगतो डोके फिरते आहे, असा विरोध उत्पन्न झाला म्हणजे त्या गोंधळाचे नाव भोवळ.

हे ज्ञान कसे मिळाले

गरगरणे हा मेंदूचाच विकार आहे अशी समजूत केवळ आपल्याकडेच होती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातही अशा रुग्णाच्या मेंदूत रक्त साचले आहे असे मानून त्याचे रक्त काढीत, जळवा लावीत. पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेतील वैद्य प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ साली प्रथम ठामपणे मांडले की, ज्या रुग्णांना भोवळीबरोबर बहिरेपणा आणि कानात आवाज असतो, त्यांचा दोष मेंदूत नसून आतल्या कानात आहे.

पुढे व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी यांनी एक साधी गोष्ट नीट पाहिली. कान धुण्यासाठी थंड पाणी वापरले तर रुग्णास भोवळ येते आणि डोळे एका दिशेने झटके देतात. पाणी शरीराहून गरम असले तर ते झटके उलट दिशेने जातात. पाण्याच्या उष्णतेने नलिकेतील द्रव हालतो, हे त्यांनी ताडले. कानाच्या तोलयंत्राची परीक्षा करण्याची ती पद्धत अद्याप वापरात आहे. ह्या कार्यासाठी त्यांस १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात पकडले जाऊन रशियाच्या कैदेत होते.

आपले दादरा व नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५२ साली, लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी रुग्णास विशिष्ट रीतीने निजवून ही भोवळ मुद्दाम उत्पन्न करण्याची व डोळ्यांवरून ती ओळखण्याची परीक्षा सविस्तर वर्णिली. तिला यंत्र लागत नाही, फक्त एक पलंग आणि जाणता डॉक्टर पुरतो. उपचाराचा शोध मात्र बराच लांबला. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी नलिकांची प्रतिकृती बनवून, कण आत शिरतात तर डोके वळवून ते बाहेरही काढता येतील, असा विचार केला. आरंभी समव्यवसायी लोकांनी त्यांची थट्टा केली. १९९२ साली त्यांनी आपली पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली आणि आज जगभर तीच ह्या विकाराची पहिली चिकित्सा म्हणून मान्य आहे.

सर्वांत नेहमीचा विकार : जागा सोडलेले कण

वर सांगितलेले चुनखडीचे कण वयोमानाने, डोक्यास मार लागल्याने, फार दिवस अंथरुणास खिळल्याने, तर पुष्कळदा कोणतेही उघड कारण नसता आपल्या जागेवरून सुटतात आणि अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागील नलिकेत, जाऊन पडतात. डोके स्थिर असता ते काही त्रास देत नाहीत. डोके वळले की ते घरंगळतात, द्रवास ढकलतात, आणि डोके थांबले तरी 'अजून फिरते आहे' अशी खोटी वर्दी मेंदूस जाते. पन्नाशी उलटल्यावर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो.

त्याची ओळख पुढील गोष्टींवरून पटते. भोवळ ठराविक हालचालीनेच येते: अंथरुणात कुशीवर वळताना, निजताना वा उठताना, खाली वाकताना, किंवा दुकानातील उंच फळीवरचा माल काढण्यासाठी मान वर करताना. हालचाल केल्यावर दोन-चार क्षणांनी ती सुरू होते, अतिशय जोरात असते, आणि एका मिनिटाच्या आत ओसरते. ऐकणे कमी होत नाही, कानात आवाज येत नाही. एकाच कुशीवर त्रास होतो, दुसऱ्या कुशीवर होत नाही, असेही पुष्कळ रुग्ण आपण होऊन सांगतात. झटका मिनिटभराचा असला तरी त्यानंतर मळमळ व अस्वस्थता काही तास टिकू शकते, म्हणून 'दिवसभर चक्कर होती' असे सांगितले जाते. येथे नेमके विचारावे की, फिरणे किती वेळ होते आणि नुसती मळमळ किती वेळ.

डॉक्टर ह्या विकारास बी.पी.पी.व्ही. असे संक्षेपाने लिहितात. पहिल्या दोन अक्षरांवरून हा रक्तदाबाचा रोग आहे असे समजून कोणी रक्तदाबाच्या गोळ्या वाढवू नयेत. त्या दोन अक्षरांचा रक्तदाबाशी काहीएक संबंध नाही.

गोळीवाचून उपचार

उजव्या कानात दोष असल्यास रुग्णास पलंगावर पाय लांब करून बसवितात. डोके उजवीकडे पंचेचाळीस अंश वळवून त्यास चटकन उताणे निजवितात, व डोके पलंगाच्या कडेबाहेर किंचित खाली धरतात. भोवळ येते, ती थांबेपर्यंत, अर्धा ते एक मिनिट, तसेच ठेवतात. नंतर डोके हळूहळू नव्वद अंश डावीकडे फिरवितात व पुन्हा थांबतात. मग सबंध शरीर डाव्या कुशीवर वळवून नाक जमिनीकडे येईल असे डोके फिरवितात व पुन्हा तितकेच थांबतात. शेवटी पाय खाली सोडून रुग्णास सावकाश बसवितात. प्रत्येक पायरीला कण नलिकेत थोडे पुढे सरकतात आणि अखेर पिशवीत परत जातात. डाव्या कानासाठी हाच क्रम उलट करावयाचा. एकदोन वेळा ही क्रिया केल्यावर बहुसंख्य रुग्णांची भोवळ थांबते.

तथापि वाचकांनी हे वर्णन वाचून लगेच घरी प्रयोग आरंभू नयेत. कोणता कान आणि कोणती नलिका हे डोळ्यांच्या झटक्यांवरून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. ज्यांच्या मानेस गंभीर इजा वा विकार आहे, मानेच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, किंवा डोळ्यातील पडदा सुटला आहे, त्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी लागते. पहिली खेप डॉक्टरांच्या हातून व्हावी. विकार पुन्हा उद्भवल्यास घरी काय करावे हे त्यांच्याकडूनच शिकून घ्यावे. तो पुन्हा उद्भवणे असामान्य नाही. पुढील काही वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांस तो परत गाठतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उपचारही तोच, आणि तितकाच सोपा.

दक्षिण कोरियात झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होते अशा रुग्णांना ते व कॅल्शियम दिल्यावर विकार उलटण्याचे प्रमाण कमी झाले. दिवसभर दुकानात वा कार्यालयात बसणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी करावी. मात्र ड जीवनसत्त्वाचे ड-३ हे रूप बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध पदार्थापासून काढतात, आणि पुष्कळ मऊ गोळ्यांचे वेष्टन प्राणिज जिलेटिनचे असते. दगडफुलासारख्या वनस्पतीपासून केलेले ड-३ सुद्धा आता मिळते. ज्यांस हा विवेक पाळावयाचा असेल त्यांनी औषध घेतानाच तसे स्पष्ट विचारावे.

कानाचे आणखी दोन विकार

सर्वच भोवळ कणांची नसते. कधी सर्दी-पडशासारख्या आजारानंतर, तर कधी अकस्मात, तोलाच्या नसेस सूज येते. मग गरगरणे हालचालीपुरते न राहता सतत, एक-दोन दिवस किंवा त्याहून अधिक चालते. उलट्यांनी माणूस बेजार होतो, पण ऐकू नीट येते. पहिले दोन-तीन दिवस उलटी व भोवळ दाबणारे औषध द्यावे लागते, पण त्यानंतर ते बंद करून रुग्णास हिंडते-फिरते करणे हाच खरा उपचार. १९४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये टेरेन्स कॉथॉर्न व कुक्सी ह्या दोन डॉक्टरांनी डोक्यास मार लागलेल्या रुग्णांसाठी नजर, मान व सबंध शरीर यांचे क्रमवार व्यायाम बसविले. मेंदूस एका कानाच्या चुकीच्या वर्दीची सवय करून देण्यासाठी ते आजही सांगतात.

दुसरा विकार मेनिएर यांच्या नावाने ओळखला जातो. यात आतल्या कानातील द्रवाचे प्रमाण वाढते. भोवळीचा झटका वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो, कान दडपल्यासारखा होतो, त्यात घोंगावणारा आवाज येतो आणि ऐकणे कमी होते. झटका ओसरल्यावर आरंभी ते पुन्हा सुधारते. सुताच्या व कापडाच्या कारखान्यांतील गोंगाटात ज्यांचे आयुष्य गेले, ते कानातील आवाजास 'कारखान्याचाच परिणाम' समजून दुर्लक्ष करतात. आवाजाबरोबर भोवळही येत असेल तर श्रवणाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. ह्या विकारात मीठ कमी करण्याचा सल्ला देतात. पापड, लोणचे, फरसाण आणि खारवलेले खाखरे यांतून किती मीठ पोटात जाते याचा हिशेब घरच्या गृहिणीने मांडून पाहावा. तो चकित करणारा असतो.

केव्हा एक क्षणही दवडू नये

कानाची भोवळ बहुधा जीवघेणी नसते. परंतु मेंदूच्या मागील भागातील रक्तवाहिनी बंद पडली तरी आरंभ गरगरण्यानेच होऊ शकतो. म्हणून पुढील लक्षणे घरातील प्रत्येकाने पाठ करून ठेवावी: भोवळीबरोबर बोलणे जड होणे, तोंड वाकडे होणे, एकाची दोन माणसे दिसणे, हात-पाय बधिर वा लुळे पडणे, घास गिळता न येणे, आजवर कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी अथवा मानदुखी, आणि आधाराशिवाय उभेच राहता न येणे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा हृदयविकार असलेल्या माणसास प्रथमच सतत टिकणारी भोवळ आली, तर ती कानाची आहे असे घरच्या घरी ठरवू नये.

अशा वेळी १०८ क्रमांकास दूरध्वनी करून रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. डोक्याचे साधे सी.टी. चित्र निर्दोष आले म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण मेंदूच्या मागील भागातील आघात त्यात आरंभी पुष्कळदा दिसत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, किंवा जुना वाहता कान असून भोवळ सुरू झाली, तरीही त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. यांत विलंब केल्यास श्रवणशक्ती कायमची जाण्याचा धोका असतो.

तप, उपासना आणि भोवळ

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा भाग. अठ्ठाईच्या चौथ्या-पाचव्या दिवशी तपस्व्यास भोवळ आली तर ती अंधारीची की गरगरण्याची, हे प्रथम ओळखावे. उभे राहताना अंधारी येत असेल, तर ती शरीरातील पाणी व रक्तदाब कमी झाल्याची खूण असू शकते. अशा तपस्व्यास तत्काळ निजवावे, पाय उंच ठेवावे, रक्तदाब व साखर मोजून घ्यावी आणि डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे. रक्तदाब कमी करणारी किंवा लघवी वाढविणारी औषधे आणि मधुमेहाची औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी तप आरंभण्यापूर्वीच त्यांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. उपवासात पूर्वीचीच मात्रा चालू ठेवणे जसे घातक, तसेच आपल्या मनाने औषध बंद करणेही घातक आहे.

याउलट, कुशीवर वळताना मिनिटभर घर फिरते आणि मग थांबते, अशी तक्रार असेल, तर ती कणांची असण्याचा संभव पुष्कळ. येथे पारणे करूनही ती थांबावयाची नाही, आणि डोके वळविण्याच्या क्रियेने तप न मोडता ती थांबू शकेल. सूर्यास्तानंतर चउविहार असला तरी ह्या उपचारास आडकाठी येत नाही, कारण त्यात पोटात काही घ्यावयाचेच नसते. पू. साध्वीजी महाराजांच्या बाबतीत स्त्री-डॉक्टरांची योजना करावी. ही क्रिया त्यांच्याकडूनही तितकीच सुकर आहे. सुंठ घेतल्याने मळमळ काहीशी शमते हे खरे. परंतु सुंठीने कण जागेवर जात नाहीत.

खमासमण देताना मस्तक जमिनीपर्यंत न्यावे लागते. ज्यांना नुकतीच भोवळ येऊन गेली आहे त्यांनी काही दिवस ते सावकाश, एका हाताचा आधार घेऊन, अथवा बसूनच नमून करावे. उभ्याने, डोळे मिटून काउसग्ग करताना डोळ्यांची वही बंद होते आणि सारा भार कान व पाय यांवर पडतो. म्हणून कानाचा विकार असलेल्याने भिंतीजवळ उभे राहावे किंवा बसून काउसग्ग करावा. पहाटे प्रतिक्रमणासाठी अंधारात उठणाऱ्या वृद्धांनी प्रथम अंथरुणावर मिनिटभर बसावे, मग पाय जमिनीवर टेकवून क्षणभर थांबावे, आणि नंतर उभे राहावे. पालिताण्यास शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याचा संकल्प असेल, तर भोवळ पूर्ण थांबल्यावरच तो करावा, किंवा डोली घ्यावी. चढण्यापेक्षा उतरताना पडण्याचे भय अधिक असते.

गोळ्यांची पट्टी आणि तिचा दुरुपयोग

भोवळीसाठी सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशी औषधे सर्रास वापरली जातात. तीव्र झटक्यात दोन-तीन दिवस त्यांचा उपयोग निःसंशय आहे. परंतु कित्येक घरांत ती महिनोन् महिने, चिठ्ठी न पाहता, चालू राहतात. कण जागेवर नेण्याचे काम ही औषधे करीत नाहीत. उलट त्यांनी झापड येते, मेंदूची नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची शक्ती मंदावते, आणि वृद्धांमध्ये दीर्घकाळ घेतल्यास हातांना कंप, चालीत मंदपणा, चेहऱ्यावर निर्विकारपणा, अशी कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. मग त्या लक्षणांसाठी आणखी औषधे सुरू होतात. आमचे औषध-विक्रेते सभासद बंधू येथे मोठी सेवा करू शकतात. 'मागच्याच गोळ्या द्या' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास एक पट्टी कमी विकून डॉक्टरांकडे पाठविणे हे व्यापाराचे नुकसान नव्हे.

जंतुनाशक औषधांपैकी स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या सुयांनी तोलयंत्रास कायमची इजा होऊ शकते, हेही ठाऊक असावे. पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेतलेल्या काही माणसांना अंधारात तोल सांभाळता येत नाही, त्याचे हेच कारण. अशा सुया चालू असता चालताना डोलल्यासारखे वाटू लागले, तर ते डॉक्टरांस ताबडतोब सांगावे.

सिल्वासात सोय

एके काळी अशा तपासणीसाठी सिल्वासाहून सुरत वा मुंबई गाठणे हाच मार्ग समजला जाई. आज तशी स्थिती नाही. येथील श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे, आणि २०१९ साली सुरू झालेले नमो वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नव्या औषधांचे प्रयोग वा महागडी चित्रे यांच्या मागे लागण्याआधी कान-नाक-घशाच्या विभागात जाऊन 'मला निजवून भोवळीची परीक्षा करावी' असे विनम्रपणे सांगावे. ही परीक्षा काही मिनिटांची आहे. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्या: भोवळ कशाने येते, किती वेळ टिकते, कानाची काही तक्रार आहे काय, आणि कोणकोणती औषधे चालू आहेत. झटका चालू असता घरच्या माणसाने रुग्णाच्या डोळ्यांचे चलचित्र भ्रमणध्वनीवर टिपून ठेवल्यास डॉक्टरांस फार मोलाची मदत होते.

भोवळ पूर्ण थांबेपर्यंत वाहन चालवू नये. खानवेलकडील वळणावळणाच्या रस्त्यावर तर मुळीच नाही. वखारीत शिडीवर चढू नये, माळ्यावरचा माल गुमास्त्याकडून काढवून घ्यावा. न्हाणीघरात धरावयास दांडी आणि निजावयाच्या खोलीपासून तेथपर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. मिनिटभराच्या भोवळीने माणूस मरत नाही, परंतु त्या मिनिटात तो पडला आणि खुब्याचे हाड मोडले, तर वडील माणसाचे हिंडणे-फिरणे कायमचे थांबते. खरा धोका तेथे आहे.

आमचे सांगणे थोडक्यात इतकेच की, भोवळीस एकदम अशक्तपणा म्हणू नये, आणि एकदम अर्धांग म्हणूनही घाबरू नये. काय फिरते, केव्हा फिरते, किती वेळ फिरते, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावे. दुकानात आलेला माल आपण तोलून व पारखून घेतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तक्रारीसही तीच पारख लावली, तर कित्येकांचे तप अखंड राहील, कित्येकांच्या गोळ्या सुटतील, आणि एखाद्याचा जीवही वेळीच वाचेल. सर्व सभासद कुटुंबांना हे वर्ष निरामय जावो, अशी आम्ही मनःपूर्वक इच्छा करतो.